खोदलेल्या रस्त्याचा खर्च कोणी द्यावा?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात टोरोंटो येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक मेळाव्यात रस्ते आणि खड्डे ह्यांविषयी बोलणार असे आम्ही कार्यकारिणीला कळविले, तेव्हा काही मित्रांनी आश्चर्य व्यक्त केले. इतिहास, साहित्य, धम्म, मुलांचे शिक्षण असे कितीतरी विषय असताना डांबराचा विषय कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच एका कुटुंबात घडलेल्या प्रसंगात आहे. तो प्रसंग प्रथम सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

आपल्यातील एक ज्येष्ठ उपासिका, ज्यांना आपण सारे माई म्हणतो, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळी खिरीचे पातेले हातात घेऊन स्कारबरोतील आपल्या सभागृहाकडे येत होत्या. सभागृहासमोरचा पदपथ आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत खोदला गेला होता. काँक्रीटची एक लादी काढून तेथे डांबराचे काळे ठिगळ लावलेले होते. हिवाळा सरला, बर्फ वितळला, आणि ते ठिगळ एका बाजूने खचले. त्या कडेला पाय अडखळून माई पडल्या व त्यांचे मनगट मोडले. रुग्णालयाचा खर्च प्रांताच्या आरोग्य विम्याने केला. परंतु माई घरी दोन लहान नातवंडांना सांभाळत होत्या, म्हणून मुलगा आणि सून दोघेही कामावर जाऊ शकत होते. माईंचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि सुनेला सहा आठवडे बिनपगारी घरी बसावे लागले.

आम्ही काही जणांनी ह्या कुटुंबाला मदत करण्याचे ठरविले. पदपथावर केशरी रंगाच्या खुणा दिसत होत्या. केशरी रंग दूरध्वनीचा, एवढे आम्हांला ठाऊक होते. म्हणून आम्ही एका दूरध्वनी कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने चौकशी करून, ही खोदाई आमची नव्हे, असे कळविले. त्यानंतर दुसरी कंपनी, मग तिचा कंत्राटदार, मग एक कार्यालय, असे फिरता फिरता तीन आठवडे गेले. नुकसानभरपाई मागावयाची असेल तर दहा दिवसांच्या आत लेखी सूचना द्यावी लागते, हे आम्हांला त्यानंतर समजले. ज्यांनी मदतीचा हात पुढे केला, त्यांच्याच अज्ञानामुळे त्या कुटुंबाची बाजू दुबळी झाली. हे आम्ही ह्या व्यासपीठावरून कबूल करतो, कारण हीच चूक आपल्यातील दुसऱ्या कोणाकडून होऊ नये.

ह्या प्रसंगानंतर आम्ही ह्या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले, ते आपल्यासमोर ठेवीत आहोत.

रस्त्याखालचे शहर

टोरोंटो शहराच्या ताब्यात सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे रस्ते आहेत. १ जानेवारी १९९८ रोजी टोरोंटो, स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, एटोबिको, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क ह्या सहा नगरपालिका आणि त्यांच्यावरील मेट्रोची संस्था ह्यांचे एकत्रीकरण झाले, तेव्हा हे सर्व रस्ते एका महापालिकेकडे आले. ह्या रस्त्यांच्या पोटात पिण्याच्या पाण्याचे नळ, सांडपाण्याची गटारे, वायूच्या नळ्या, विजेच्या तारा, दूरध्वनीच्या व केबलच्या वाहिन्या आहेत. नवीन इमारत उभी राहिली, जुना नळ फुटला किंवा वेगवान इंटरनेटसाठी काचतंतूची नवी वाहिनी टाकावयाची झाली, की रस्ता खोदावा लागतो. खोदाई ही शहराच्या जीवनाला आवश्यकच आहे. ती होऊ नये असे कोणीही म्हणणार नाही. तिची किंमत कोणी मोजावयाची, एवढाच वाद आहे.

खोदण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे ते विचारणे ऑन्टॅरिओत बंधनकारक आहे. त्यासाठी १९९६ साली 'ऑन्टॅरिओ वन कॉल' ही व्यवस्था सुरू झाली आणि २०१२ च्या कायद्याने ती सक्तीची करण्यात आली. आपण मागील अंगणात कुंपणाचा खांब रोवला, तरी हा नियम आपल्याला लागू होतो. ह्या विचारणेनंतर माणसे येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करतात. लाल रंग विजेचा, पिवळा वायूचा, केशरी दूरध्वनी व केबलचा, निळा पिण्याच्या पाण्याचा आणि हिरवा सांडपाण्याचा. पांढऱ्या रंगाने खोदाईची जागा दाखविली जाते. आमची चूक येथेच झाली. ह्या खुणा खाली काय आहे ते सांगतात, खोदणारा कोण ते सांगत नाहीत. केशरी खुणेजवळ वायूची कंपनी खोदत असू शकते, आणि ती खूण केवळ दूरध्वनीची तार तुटू नये म्हणून केलेली असते. खोदणाऱ्याचे नाव रंगावरून ओळखता येत नाही. ते शहराने दिलेल्या परवान्यात असते.

तात्पुरती आणि कायमची दुरुस्ती

आपल्यापैकी अनेकांना असे वाटते की काळे ठिगळ लावून कंपनी निघून गेली म्हणजे दुरुस्ती संपली. वस्तुतः ती दुरुस्ती तात्पुरती असते. टोरोंटोत वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत अशी की कंपनीने चर भरून वर तात्पुरते डांबर घालावे, काही काळ माती बसू द्यावी, मग शहराने आपल्या कंत्राटदाराकडून कायमची दुरुस्ती करून घ्यावी आणि तिचा खर्च कंपनीकडून वसूल करावा. ह्या दोन दुरुस्त्यांच्या मध्ये बहुधा एक हिवाळा जातो.

आपल्या मातृभूमीत रस्त्याचा शत्रू पावसाळा. येथे रस्त्याचा शत्रू हिवाळा. ह्या भागात जमीन सुमारे १.२ मीटर खोलीपर्यंत गोठते असे धरूनच घरांचे पाये घातले जातात. चर भरताना मातीचे थर नीट धुम्मस करून बसविले नाहीत, तर त्यात पाणी मुरते, गोठताना ते फुगते, वितळताना माती सैल होते, आणि वरचे ठिगळ खचते. थंडीच्या महिन्यांत गरम डांबर तयार करणारे कारखाने बहुतेक बंद असतात, म्हणून थंड मिश्रणावर भागवावे लागते व ते फार काळ टिकत नाही. माईंचा पाय अडखळला तो ह्या मधल्या काळात, म्हणजे एक दुरुस्ती खचली होती आणि दुसरी अजून झाली नव्हती.

कायद्याचा प्रवास

आता मुख्य प्रश्न. रस्ता जनतेचा, खोदणारी कंपनी खासगी. मग ती कोणाच्या परवानगीने खोदते आणि काय देते?

टोरोंटोत हा वाद जुना आहे. कंझ्युमर्स गॅस कंपनीची स्थापना १८४८ साली झाली आणि तेव्हाच्या कायद्याने तिला शहरातील रस्त्यांखाली नळ्या टाकण्याचा अधिकार मिळाला. तिचा वारसा आज एन्ब्रिज गॅसकडे आहे. बेल टेलिफोन कंपनीला १८८० साली कॅनडाच्या संसदेच्या कायद्याने जन्म मिळाला. आपल्या रस्त्यांत खांब आणि तारा घालावयाच्या तर आपली संमती घ्यावी, असे टोरोंटो शहराचे म्हणणे होते. हा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०४ साली शहर हरले. संसदेने दिलेल्या अधिकाराला नगरपालिकेची संमती आडवी येऊ शकत नाही, असा निकाल लागला. म्हणजे रस्ता बांधावयाचा शहराने, राखावयाचा शहराने, परंतु तो खोदण्यास नकार देण्याची शक्ती शहराकडे नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

१९९३ च्या दूरसंचार कायद्याने ह्यात थोडा समतोल आणला. कंपनीने नगरपालिकेची संमती घ्यावी, आणि दोघांचे न जमल्यास केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे जावे, अशी तरतूद त्यात आहे. ह्या तरतुदीची कसोटी व्हँकुव्हर शहरात लागली. लेडकोर नावाच्या कंपनीला काचतंतूची वाहिनी शहरातील काही रस्त्यांतून ओलांडून न्यावयाची होती आणि शहराने तिच्याकडे आकार मागितला. आयोगाने जानेवारी २००१ मध्ये निर्णय दिला. त्याचे सार असे की रस्ता वापरला म्हणून शहराने भाडे घेऊ नये, परंतु कंपनीच्या कामामुळे शहराला जो खर्च पडतो, तो वसूल करण्याचा शहराला अधिकार आहे. आराखडे तपासणे, कामावर देखरेख ठेवणे, एवढेच नव्हे तर खोदाईमुळे रस्त्याचे आयुष्य कमी होते त्याची किंमत, ह्या बाबी त्या खर्चात विचारात घेतल्या गेल्या. कॅनडातील नगरपालिकांच्या महासंघाने ह्याविरुद्ध दाद मागितली, परंतु फेडरल अपील न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आयोगाचा निर्णय कायम ठेवला.

म्हणून आजची कायदेशीर स्थिती एका वाक्यात सांगावयाची तर अशी आहे: शहराने खोदाईतून नफा करू नये, आणि शहराला तोटाही होऊ नये. हे तत्त्व आम्हांला न्याय्य वाटते. अडचण आहे ती तोटा मोजण्यात.

तीन प्रकारचा खर्च

खोदाईचा खर्च तीन थरांचा असतो. पहिला थर डोळ्यांना दिसतो. चर भरणे, खडी, डांबर, काँक्रीट, मजुरी. हा खर्च कंपनीने द्यावा ह्याबद्दल दुमत नाही. दुसरा थर कार्यालयातील. परवाना, तपासणी, नकाशे, वाहतूक वळविणे. हाही बहुतांशी वसूल होतो. तिसरा थर मात्र डोळ्यांना दिसत नाही. एकसंध रस्ता कापला की त्याच्या चारही कडांना सांधे तयार होतात. त्या सांध्यांतून पाणी आत जाते. चराच्या बाजूची न खोदलेली मातीही आधार सुटल्यामुळे सैल होते. म्हणून ठिगळ उत्तम बसविले तरी जो रस्ता पंचवीस वर्षे टिकावयाचा तो त्याआधीच नव्याने करावा लागतो. ही उणी झालेली वर्षे कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

ओटावा शहराने २००३ च्या आपल्या उपविधीत ह्याचे उत्तर दिले. तेथे खोदणाऱ्याकडून रस्त्याच्या झिजेपोटी वेगळा आकार घेतला जातो आणि तो रस्त्याच्या वयावर अवलंबून असतो. नवा रस्ता कापला तर अधिक, जुना कापला तर कमी. ह्यातून दोन हेतू साधतात. शहराला भरपाई मिळते, आणि कंपनीलाही नवा रस्ता कापण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो. एका कंपनीने चर खोदला असेल तर दुसरीने त्याच वेळी आपली वाहिनी टाकून घ्यावी, असे मग तिलाच परवडू लागते. टोरोंटोत शहर, पाणी, वायू, वीज व दूरध्वनी ह्यांच्या कामांचा मेळ घालण्यासाठी समन्वय समिती आहे. परंतु समितीतील सल्ल्याला जेव्हा पैशाचे कारण जोडलेले असते, तेव्हा तो अधिक ऐकला जातो.

बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रातील एक धडा

ह्या ठिकाणी आम्हांला परमपूज्य बाबासाहेबांच्या एका ग्रंथाची आठवण होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीसाठी केलेले हे संशोधन आपण जयंतीच्या भाषणांत नावापुरते घेतो, परंतु त्यातील विचार आपल्या नित्याच्या व्यवहाराला लागू पडतो हे क्वचितच लक्षात घेतो.

१८३३ च्या कायद्याने भारतातील सर्व वित्तीय सत्ता मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. प्रांतांनी खर्च करावयाचा आणि पैसा मध्यवर्ती सरकारने उभा करावयाचा, अशी रचना झाली. परिणाम काय झाला हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ज्याला पैसा उभा करण्याची जबाबदारी नाही, तो मागण्या वाढवीत जातो. काटकसर करण्याचे त्याला कारण उरत नाही. १८७१ साली लॉर्ड मेयो ह्यांच्या कारकिर्दीत प्रांतांकडे खात्यांबरोबर ठरावीक रक्कम सोपविण्यात आली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने खर्चाचा अधिकार व पैशाची जबाबदारी एकमेकांच्या जवळ आणण्याचे प्रयत्न झाले.

हेच सूत्र आपल्या गल्लीतील चराला लावून पाहा. खोदण्याचा निर्णय कंपनीचा आणि रस्त्याच्या घटलेल्या आयुष्याची किंमत घरपट्टी भरणाऱ्याची, असे असेल तर खोदाई काटकसरीने का व्हावी? निर्णय आणि जबाबदारी एकाच हाती असली पाहिजेत. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की रस्ता कापणाऱ्याने तिन्ही थरांचा खर्च द्यावा, केवळ वरच्या थराचा नव्हे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. कंपनी पैसा आणणार कोठून? वायूचे दर ऑन्टॅरिओ एनर्जी बोर्ड मंजूर करते आणि कंपनीचा वाजवी खर्च त्या दरांत धरला जातो. टोरोंटो हायड्रोची मालकी तर शहराकडेच आहे. पाण्याचा विभाग शहराचाच, आणि तो पाणीपट्टीवर चालतो. म्हणजे अखेर पैसा आपल्याच खिशातून जाणार. मग घरपट्टीतून काय आणि बिलातून काय?

फरक आहे. बिलातून गेलेला पैसा त्या सेवेचा उपयोग करणाऱ्याकडून जातो आणि त्या सेवेच्या हिशोबात दिसतो. ज्याच्या घरी वायू नाही, त्याने वायूच्या चराचा भार का सोसावा? शिवाय खर्च हिशोबात दिसला की दर मंजूर करणाऱ्यांना तो तपासता येतो आणि कमी करण्याचा आग्रह धरता येतो. घरपट्टीत मिसळलेला खर्च कोणालाच दिसत नाही. आपल्यापैकी जी कुटुंबे तळघरात भाड्याने राहतात, त्यांना वाटते की घरपट्टीशी आपला काय संबंध? घरमालक ती भाड्यात धरतोच. न दिसणारा खर्च शेवटी ज्याला प्रश्न विचारण्याची ताकद नाही अशाच्या अंगावर येतो. माईंच्या सुनेचा सहा आठवड्यांचा पगार कोणत्याही कंपनीच्या वा शहराच्या हिशोबात लिहिलेला नाही. तरीही तो त्या रस्त्याचाच खर्च होता, आणि तो एका कामगार स्त्रीने भरला.

हाच न्याय आपण स्वतःलाही लावला पाहिजे. मुख्य नळापासून आपल्या हद्दीपर्यंतची पाण्याची नळी शहराची, आणि हद्दीपासून घरापर्यंतची आपली. आपल्या भागातील नळी आपण बदलली, तर तिचा खर्च आपला. घरासमोरची हिरवळीची पट्टी आपण कापतो, तिला पाणी घालतो, तरी बहुधा तिचा बराचसा भाग सार्वजनिक रस्त्याचा असतो. तेथे कोणालाही न विचारता खोदणारा कंत्राटदार स्वस्त मिळाला म्हणून आपण त्याला काम दिले, तर दुसऱ्याला दोष देण्याचा आपला अधिकार संपतो.

सार्वजनिक म्हणजे काय

बंधू-भगिनींनो, मुंबईत महापालिका चर बुजविण्याचा आकार कंपन्यांकडून घेते, तरी दर पावसाळ्यात चरांची आणि खड्ड्यांची कहाणी पुन्हा सुरू होते. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने सुस्थितीतील रस्ते मिळणे हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगितले. पैसा घेतला म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. घेतलेल्या पैशाचे काम झाले की नाही हे पाहणारा नागरिक लागतो.

आणि 'सार्वजनिक' ह्या शब्दाचे मोल आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? १९२३ साली सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव आठवा. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट ह्यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे, आणि त्यांची ओळख सांगताना, संपूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेली, असे शब्द आहेत. ज्यांच्या पूर्वजांना सार्वजनिक रस्त्यावर मोकळेपणाने चालण्याचा हक्क नाकारला गेला, त्यांनी रस्ता कोणाच्या पैशाने राखला जातो हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. चालण्याचा हक्क आणि राखण्याची जबाबदारी ह्या दोन गोष्टी संविधानाने एकाच वाक्यात ठेविल्या आहेत.

ह्या देशात आपल्याला रस्त्यावर कोणी अडवीत नाही. तरीही आपण येथे पाहुण्यासारखे राहतो. रस्ता खचला तर, 'आपल्याला काय करावयाचे, हे त्यांचे शहर,' असे म्हणून बाजूने जातो. ही वृत्ती सोडली पाहिजे. आपण येथे कर भरतो, मत देतो, आपली मुले ह्याच पदपथावरून शाळेत जातात. हे शहर आपलेही आहे.

आपण काय करावे

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही भाषण आवरते घेतो. कृपया त्या घरी जाऊन मुलांनाही सांगाव्यात.

पहिली गोष्ट, खचलेले ठिगळ दिसले की वाट न पाहता ३११ ह्या क्रमांकावर शहराला कळवावे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, तेथे खोदाईचा परवाना कोणाच्या नावे आहे आणि कायमची दुरुस्ती केव्हा व्हावयाची आहे हे विचारावे. ऑन्टॅरिओच्या देखभालीच्या मानकांत पदपथावरील दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक उंच-सखलपणा हा दोष मानलेला आहे, आणि तो कळल्यापासून चौदा दिवसांत त्यावर उपाय अपेक्षित आहे. म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे.

दुसरी गोष्ट, कोणी पडून जखमी झाले तर प्रथम वैद्यकीय उपचार, आणि त्याच दिवशी जागेची छायाचित्रे. नंतर दहा दिवसांच्या आत शहराच्या क्लार्कला लेखी सूचना द्यावी. तीत दिवस, वेळ, नेमकी जागा आणि इजा ह्यांचा उल्लेख असावा. दोष कोणाचा हे ठरेपर्यंत थांबू नये, आमच्यासारखे कंपनीच्या शोधात दिवस घालवू नयेत. सूचना शहराला द्यावी आणि खोदणाऱ्याचे नाव कळले की त्यालाही द्यावी. उशिरास वाजवी कारण असेल आणि शहराच्या बाजूचे त्यामुळे नुकसान झाले नसेल, तर न्यायालय सवलत देऊ शकते. परंतु त्या सवलतीवर कोणी विसंबू नये. अशा वेळी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

तिसरी गोष्ट, आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला पत्र लिहावे. शहराच्या परिषदेत २०१८ पासून पंचवीस वॉर्डांचे पंचवीस नगरसेवक आहेत. एकट्याच्या पत्रापेक्षा वीस कुटुंबांच्या सह्यांच्या पत्राला अधिक वजन असते. पत्रात केवळ 'खड्डा बुजवा' असे न लिहिता, रस्त्याच्या झिजेचा पूर्ण आकार खोदणाऱ्याकडून घेतला जातो काय आणि तो रस्त्यावरच खर्च होतो काय, असे विचारावे.

चौथी गोष्ट संस्थेसाठी. येथे इंग्रजी माध्यमातून शिकलेली आपली तरुण मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी तिघांची एक छोटी समिती करावी. कोणाही ज्येष्ठाला सरकारी कागद समजला नाही, अर्ज भरता आला नाही, मुदत ठाऊक नसली, तर ह्या समितीने त्याच दिवशी मदत करावी. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा संदेश आपण भिंतीवर लावतो. दहा दिवसांत भरलेला एक अर्ज हेही त्या संदेशाचे पालन आहे.

माईंचा हात आता बरा आहे, पण थंडीत दुखतो. उशिराने का होईना त्यांच्यातर्फे सूचना पाठविली आहे, आणि तिचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. सभागृहासमोरचे काळे ठिगळ काढून तेथे काँक्रीटची नवी लादी बसविण्यात आली आहे. आज आपण सारे तिच्यावरूनच आत आलो. पुढील बुद्धपौर्णिमेला खीर आपणच आणणार, असे माईंनी आम्हांला बजावून सांगितले आहे. त्या दिवशी त्यांच्याबरोबर चालावयास आणि रस्ता पाहावयास आपल्यापैकी कोणीतरी असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!